रविवारची चर्चा : राजकारणाच्या बातम्यांचा गल्ल्याशी संबंध आहे का?

अमळनेरचा किराणावाला
रविवारी दुपारून ओट्यावर चार मंडळी जमली की तासभर सरकारं पाडणं-उभारणं चालतं. ऐकायला मजा येते, खोटं कशाला बोलू. पण माझं ठाम मत आहे की या बातम्यांचा आमच्या गल्ल्याशी काडीचा संबंध नाही. माझं गिऱ्हाईक खेड्यावरचं. पाऊस बरा झाला, कापूस घरात आला, की दिवाळीत उधारीची वही हलकी होते. कोण कोणत्या पक्षात गेला म्हणून किलोभर साखर जास्त खपलेली मी पाहिली नाही. उलट दुकानात पक्षाचा विषय काढला की एक गिऱ्हाईक तुटतं.

पारोळ्याचे आप्पा
नाना, पटनं नही. कापूस घरात आला, पण भाव कोणी ठरवला? केंद्राने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून ३१ डिसेंबर. म्हणजे इकडे आपली वेचणी आणि तिकडे बाहेरच्या देशातल्या कापसाच्या गाठी बिनशुल्क. २०२५-२६ च्या हंगामात हमीभाव लांब धाग्याला क्विंटलला ८,११० रुपये होता खरा, पण सीसीआयला, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाला, १२ टक्क्यांवर ओलावा चालत नाही, त्यात आधी ॲपवर नोंदणी. दिवाळीला ज्याला पैसे हवेत तो गावात येऊन कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला मिळेल त्या भावात देऊन मोकळा होतो. तुमची उधारी तिथेच अडकते.

जिनिंगवाला
आप्पा, एकच बाजू सांगताय. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं, त्यात कापडही आलं. सूतगिरण्यांनी गाठी उचलल्या नाहीत तर आम्ही कापूस घेऊन काय करायचं?

पारोळ्याचे आप्पा
मग झळ दरवेळी शेतकऱ्यानेच सोसायची का, एवढंच सांगा.

चोपड्याची कटलरीवाली
मी दोघांनाही सोडून नानांशी भांडते. जुलै २०२४ पासून लाडकी बहीणचे १,५०० रुपये सुरू झाले. हप्ता पडला की दोन दिवसांत माझ्याकडे बांगड्या, साडी-फॉल, पोरांची दप्तरं यांना उठाव येतो. या बायका उधार मागत नाहीत, नवऱ्याला विचारून येते म्हणत नाहीत. हप्ता लांबला की तेच काउंटर ओस. हप्त्याची बातमी वाचते, मगच माल मागवते. कोणाला मत दिलं ते माझं मी बघेन, पण बातमी वाचायचीच नाही हे पुरुषांच्या ओट्यावरचं तत्त्वज्ञान झालं.

अमळनेरचा किराणावाला
ताई, योजनेचा पैसा बाजारात फिरतो हे मान्य. पण टीव्हीवर दिसतं काय? याने त्याला काय म्हटलं आणि त्याने याला. आयात शुल्काची ओळ शेवटच्या पानावर असते. मी म्हणतो ती बातमी पहिल्या पानावरची. ती बंद केली तर माझं काय अडतं?

कर सल्लागार, जळगाव
नाना, तुमचं नक्की अडलं असणार. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कपातीचा निर्णय झाला, ती पहिल्या पानावरच होती. २२ तारखेपासून साबण, शांपू, टूथपेस्ट, बिस्किटं १८ वरून ५ टक्क्यांवर आली. तुम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या दुकानदारांच्या सोप्या करयोजनेत, असाल तर जुन्या मालावर भरलेल्या १८ टक्क्यांची वजावट मिळत नाही, तो सगळा खरेदी किमतीत गेला. मधल्या अडीच आठवड्यांत ज्यांनी माल कमी उचलला ते सुटले.

अमळनेरचा किराणावाला
कंपोझिशनमध्येच आहे. माझा मोठा धंदा सुटी डाळ, तांदूळ, तेल, साखर. सुट्या धान्याला कर नव्हताच, तेल-साखर आधीपासून ५ टक्क्यांत. शांपूच्या पुड्यांचा पट्टा किती खपतो खेड्यात? तरी गिऱ्हाईक मोबाईल दाखवून डाळीचा भाव कमी करा म्हणत होतं. बातमी त्यानेही वाचली होती. त्याला समजावता समजावता घसा बसला.

चोपड्याची कटलरीवाली
म्हणजे समजावायला तरी तुम्हाला ती वाचावी लागलीच की हो नाना.

कर सल्लागार, जळगाव
ते भांडण चालू द्या. रेग्युलरमध्ये, म्हणजे नेहमीच्या जीएसटी पद्धतीत, जायचं की नाही याचा हिशेब मात्र मार्चअखेरच्या आत करून घ्या. आता तिमाही भरणा आणि वर्षाचं एक रिटर्न आहे, तिकडे गेलात तर बिलागणिक नोंद ठेवावी लागेल. खरेदीची बिलं घेऊन या, बसून बघू.

अमळनेरचा किराणावाला
येतो. रविवार सोडून सांगा.