अनुभव धागा: तुम्ही ‘बनगरवाडी’ शोधायला गेला होतात का?

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली. राजाराम विठ्ठल सौंदणीकर नावाचा कोवळा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, वाडी त्याला हळूहळू आपला म्हणू लागते आणि दुष्काळ पडतो तेव्हा वाडीच उठून जाते. गोष्ट एवढीच, पण पुस्तक मिटलं की अनेकांचा हात नकाशाकडे जातो.

‘वाडी खरी कुठली’ यावर इथे वाद नको. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात कुणालाही विचारा, लेंगरेवाडीचं नाव सांगतील. मला हवंय त्याच्या पुढचं. तिथे किंवा त्या मुलखात गेलात तेव्हा पुस्तकातलं काय भेटलं, काय भेटलं नाही आणि पुस्तकात नसलेलं काय दिसलं? ‘गेलो, फोटो काढला, भारी वाटलं’ एवढ्यावर सोडू नका. आणि लोकांची नावं, राहती घरं इथे टाकू नका. ती माणसं कादंबरीतली पात्रं नाहीत.

कोरडवाहू (आटपाडी)

मी इथलाच, म्हणून आधी रस्त्याचं बोलतो. विट्याजवळ खानापूर तालुक्यात लेंगरे नावाचं मोठं गाव आहे. ते वेगळं. आपली लेंगरेवाडी आटपाडी तालुक्यातली. एसटीत नुसतं ‘लेंगरे’ म्हणालात तर तिकीट भलतीकडचं फाटेल.

दुसरं, पुस्तक वाचून येणाऱ्यांना उघडा माळ, बाभळी आणि फुफाटा बघायचा असतो. इथे येऊन डाळिंबाच्या बागा आणि शेततळी बघितली की त्यांचा चेहरा उतरतो. एक गृहस्थ तर मला म्हणाले, “फारच बदललं हो सगळं.” म्हटलं, तुमच्यासाठी तसंच ठेवायला पाहिजे होतं का? कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलतात आणि टप्प्याटप्प्याने वर चढवत इकडे आणतात. त्या पाण्यासाठी नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरत आल्या. माझ्या वडिलांची पिढी त्यात बसून म्हातारी झाली. पाणी सगळ्यांच्या बांधाला पोचलं असंही नाही. २०१२-१३ ला चारा छावण्या उघडाव्याच लागल्या. जनावरं छावणीत, त्यांच्याबरोबर घरातलं एक माणूस छावणीत, उरलेले घरी टँकरची वाट बघत. तेव्हा आला असता तर ‘फारच बदललं’ म्हणाला नसता.

खडूफळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझी पहिली नेमणूक माणदेशातल्याच एका वस्तीवर होती. कुठल्या ते सांगत नाही. लेंगरेवाडी नव्हे. डीएडला असताना ‘बनगरवाडी’ वाचली होती आणि खरं सांगायचं तर तेव्हा कंटाळा आला होता. काही घडतच नाही, असं वाटलं होतं. नेमणुकीच्या पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा वाचली.

तो मास्तर शिकवतो कमी आणि वाडीची कामं करतो जास्त, हे आठवतंय ना? कुणाचं पत्र वाच, कुणाचं लिहून दे, तालुक्याच्या गावी निघालाच आहेस तर एवढं काम करून ये. माझं तेच झालं, फक्त पत्राऐवजी मोबाइल. अनुदानाचा ओटीपी आलाय, बाई बघा. बँकेचा मेसेज काय म्हणतोय, बाई वाचा. आधारवरचं नाव चुकलंय, तुम्ही तालुक्याला जाताय ना. शनिवारी अर्धी शाळा सुटली की माझ्या पिशवीत निम्म्या वस्तीची कागदपत्रं असायची. शाळेच्या पटावर नसलेलीच माणसं माझी जास्त विद्यार्थी होती.

आणि पट. पावसाळ्यात वर्ग भरलेला. दिवाळी झाली की मेंढरं चालली, मेंढरांबरोबर आईबाप चालले आणि त्यांच्यामागे पोरं. म्हाताऱ्या आजीजवळ राहिलेली चार-दोन तेवढी उरत. मुलांनी मागे राहावं म्हणून सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मी एका वडिलांना ती समजावून सांगत होते. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, “बाई, तुमी म्हंताय ते खरं हाय. पर कोकरं कोन संबाळणार?” याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

बाहेरून आलेल्या पोरसवदा मास्तराला वाडी आधी हसते, मग तपासते आणि नंतर राबवून घेते. पुस्तकातलं हे इतकं बरोबर आहे की मी नव्या शिक्षकांना प्रशिक्षणाच्या पुस्तिकेआधी हे वाचायला सांगते.

कारभाऱ्याचा नातू नव्हे

टोपणनावाचं कारण आधी सांगतो. कारभारी आणि अंजी ही कादंबरीतली पात्रं. मी धनगर, आमची वाडी त्याच पट्ट्यातली. हल्ली मुंबईत नोकरी. ऑफिसात गावाचं नाव काढलं की वाचणारी माणसं लगेच विचारतात, “म्हणजे बनगरवाडीच की! मग कारभारी तुमचे कोण?” एकदा गावी असताना पुण्याहून आलेल्या मंडळींनी माझ्या चुलतीला विचारलं, “अंजीचं घर कुठलं?” चुलतीनं पुस्तक वाचलेलं नाही. तिला वाटलं सोयरिकीचं काही असेल. तिनं पाणी दिलं, चहा दिला आणि कुठल्या अंजीचं, कुणाची लेक, सासर कुठलं, अशी रीतसर चौकशी सुरू केली. पाहुण्यांची फार पंचाईत झाली. आम्ही अजून हसतो.

आता गंभीरपणे. पुस्तक मला आवडतं. आमच्या माणसांची बोली, त्यांचं गप्प बसणं, एकमेकांवर डाफरणं, हे इतकं नेमकं तेव्हा दुसऱ्या कुणी लिहिलं होतं? आनंदा रामोशी चोरी करतो आणि स्वतःच सांगून टाकतो, तसली माणसं मी बघितलीत. पण एक गोष्ट शहरी वाचकाच्या हातून नेहमी निसटते. शेवटी वाडी ओस पडते तिथे सगळे रडतात. वाडी संपली, जग संपलं. आमच्यात वाडी दरवर्षी ओस पडते! दिवाळी झाली की खांडं, म्हणजे मेंढरांचे कळप, निघतात, कुणी कृष्णाकाठाला, कुणी घाट उतरून कोकणात. घोड्यावर बिऱ्हाड, वर कोंबडी बांधलेली, बायकांच्या काखेला पोरं. रात्री रानात वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावायची, मेंढरं आत कोंडायची, ज्याच्या वावरात बसवली त्याच्याकडून धान्य किंवा पैसे घ्यायचे. पाऊस पडला की परत. निघून जाणं हे आमच्यात मरण नाही, जगायची रीत आहे.

दुष्काळातलं जाणं वेगळं, हे मला कळतं. त्यात मेंढरंच राहत नाहीत, मग परत कशाच्या जोरावर यायचं? माडगूळकरांना तो फरक ठाऊक होता, म्हणूनच ते शेवटचं प्रकरण तसं उतरलंय. पण गाव बघायला येणारे डिसेंबरात येतात, कुलपं बघतात आणि ‘अजूनही तसंच ओसाड’ असं लिहून मोकळे होतात. अरे बाबांनो, ती माणसं कामावर गेलीत.

पुस्तकात मला आमचा देव बिरोबा आणखी हवा होता. गजी ढोल हवे होते. पण सांगणारा मास्तर आहे, धनगर नाही. त्याला जेवढं दिसलं तेवढं त्यानं सांगितलं. बाकीचं आम्ही लिहायला पाहिजे.

धागाकर्ता

वरचा प्रतिसाद आधी वाचला असता तर धाग्याची प्रस्तावना वेगळी लिहिली असती. तुम्ही लिहाच.

घाटमाथा

मी लेंगरेवाडीला न जाता औंधला गेलो आणि मला तिथेच जास्त सापडलं, असं माझं म्हणणं आहे. आटपाडीचा मुलूख तेव्हा औंध संस्थानात होता. संस्थान म्हणजे सलग प्रदेश नव्हे, इथे-तिथे विखुरलेली ७२ गावं. आटपाडीचा तुकडा राजधानीपासून दूर पडलेला.

कादंबरीत राजाराम वाडीकरांकडून तालीम बांधून घेतो आणि तिच्या समारंभाला खुद्द राजेसाहेब येतात. मला तो भाग नेहमी जरा परीकथेतला वाटायचा. एवढ्याशा वाडीच्या तालमीला राजा कशाला येईल? औंधला यमाईच्या डोंगरावरचं भवानी संग्रहालय बघितलं आणि तो राजा कसा होता ते लक्षात आलं. भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत सगळं त्या आडगावात आणून ठेवलेलं. सूर्यनमस्काराचं वेड इतकं की संस्थानातल्या शाळांमध्ये ते सक्तीचे केले. आणि १९३९ साली, गांधीजींच्या सल्ल्याने केलेल्या राज्यघटनेतून, कारभार रयतेच्या हाती दिला. असा राजा धनगरांच्या वाडीत तालीम उभी राहिली हे ऐकून आला नसता तरच नवल. राजेसाहेब हे पुस्तकातलं अद्भुत नाही, ते त्या संस्थानाचं रोजचं वास्तव आहे.

सातारा-कोल्हापूर कुठेही जात असाल तर वाट वाकडी करून औंध बघा. संग्रहालयाला निम्मा दिवस द्या. तासाभरात उरकू नका.

चष्मा

कादंबरी वाचा की. गाव कशाला शोधायचं? उद्या मास्तराची काठीही मागाल.

धागाकर्ता

काठी मिळाली तर कळवू.

पत्र्याखाली

आम्ही मित्र माडगुळ्याला गेलो होतो. लेखकाचं गाव तेच, जन्म १९२७. रानातली ‘बामणाचा पत्रा’ म्हणून ओळखली जाणारी जागा बघायची होती. माडगूळकर बंधूंच्या वाचकांना ती ठाऊक असेलच. थोरल्या भावाच्या, गदिमांच्या लेखनामुळे तिचं केवढं नाव झालेलं, आणि बघायला गेलं तर साधं पत्र्याचं खोपट. आमच्यातल्या एकाला वाईट वाटलं. मला उलट बरं वाटलं. लिहायला किती कमी लागतं!

मात्र ‘बनगरवाडी’ मला तिथे कुठेच दिसली नाही, ती दिसली चालताना. एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर गाडीनं न जाता पायी गेलो. मधे नुसता माळ. लांबून येणारा माणूस ठिपक्याएवढा असल्यापासून दिसतो. तो जवळ येईपर्यंत तुम्ही त्याच्याबद्दल विचार करत राहता आणि तोही तुमच्याबद्दल. भेट झाली की पहिला प्रश्न “कुनीकडचं?” आणि मग तपशीलवार तपासणी. कादंबरीत प्रत्येक माणूस असा लांबून चालत येऊन उभा राहतो आणि आधी चौकशी करतो. ती लेखकाची लकब असेल असं मी समजत होतो. ती त्या माळाची आहे. गाडीनं गेलात तर हे हुकणार.

त्याच भागात स्वतंत्रपूर आहे. कैद्यांची खुली वसाहत, तीही औंध संस्थानानं १९३९ साली सुरू केलेली. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आंखें बारह हाथ’चं मूळ तिथलं आणि त्याची कथा गदिमांची. एका तालुक्याच्या मातीतून दोन भावांनी असं काय काय काढलं!

सोलापूरकर

मी अमोल पालेकरांचा १९९५ चा सिनेमा आधी बघितला आणि मग पुस्तक वाचलं. तोटा झाला. मास्तर, कारभारी सगळे नटांच्या चेहऱ्यांनीच दिसत राहिले. सिनेमा चांगला आहे, पण उलट क्रमानं बघा.

आक्का

मला कादंबरीतल्या शेकूच्या बायकोबद्दल लिहायचंय. बैल एकच आहे, पेरणी टळून चाललीय, तर ती बाई दुसऱ्या बाजूला स्वतः जुवाखाली खांदा देते. कॉलेजात आम्हाला यावर ‘स्त्रीच्या त्यागाचे प्रतीक’ असं उत्तर लिहायला लावलं होतं. त्या भागात एका लग्नाला गेले असताना मांडवात शेजारी बसलेल्या आजींना सहज विचारलं, असं खरंच करायच्या का बायका? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी काही येडपटासारखं बोलले असावे. “म्या वडलंय की कुळव. धाकल्या जावंबरुबर. पाळीपाळीनं.” मग म्हणाल्या, खांदा दुखत नाही एवढा, टाचा फुटतात, ढेकळं लागतात. पुढे बराच वेळ त्या ढेकळांवर बोलत होत्या. कुठलं रान हलकं, कुठलं चिवट, ओल किती असली की ओढायला सोपं जातं. त्याग वगैरे शब्द त्यांच्या बोलण्यात आला नाही.

नवखी

सगळं वाचून जायची इच्छा झालीय. कधी जावं? मुलं बरोबर असतील.

कोरडवाहू (आटपाडी)

पाऊस सुरू झाल्यावर, श्रावणाच्या आगेमागे या. खांडं परतलेली असतात, वाडीत माणसं भेटतात आणि माळावर जरा गवत असतं. जनावरं बघायची असतील तर पौषात खरसुंडीला सिद्धनाथाची यात्रा भरते. खिलार बैल बघून मुलं खूश होतील, पण तेव्हा मेंढपाळांची घरं बंद असतील. उन्हाळ्यात नको. वाडीत शिरलात की आधी शाळेत जा, मास्तर असतील त्यांना सांगा कशाला आलोय ते. आणि अंजीचं घर विचारू नका, वर लिहिलंच आहे.