संक्रांतीचा कार्यक्रम आणि ॲड्रेनालिनचे पेन

सप्रेम नमस्कार,

हळदीकुंकवासाठी आपण भाड्याने घेतो त्या सभागृहात प्रथमोपचाराची पेटी आहे. मंडळाच्या खर्चाने तिच्यात ॲड्रेनालिनची दोन पेन (ॲलर्जीचा तीव्र झटका आल्यास टोचायची तयार इंजेक्शने) ठेवावीत, अशी माझी सूचना आहे. माझ्या मुलाला शेंगदाणा चालत नाही, आणि कुटाशिवाय आपले पान वाढले जात नाही, हे मी वेगळे सांगायला नको.
एक सभासद

वहिनी, सादर नमस्कार.

सूचना रास्त आहे. परंतु मी इथे फार्मसीत काम करतो, म्हणून अडचण सांगणे भाग आहे. ब्रिटनमध्ये हे पेन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. १ ऑक्टोबर २०१७ पासून शाळांना ते चिठ्ठीविना विकत घेऊन जादा साठा म्हणून ठेवता येते, पण ही सवलत मंडळांना नाही. गंमत अशी की पेन टोचण्यावर मात्र असे बंधन नाही. २०१२ च्या मानवी औषध नियमावलीतील २३८ व्या नियमानुसार, जीव वाचवण्यासाठी आणीबाणीत ॲड्रेनालिनचे इंजेक्शन कोणीही देऊ शकतो, त्यासाठी डॉक्टर किंवा नर्स असावे लागत नाही. म्हणजे हात आपला चालतो, औषध मात्र मंडळाला चिठ्ठीविना विकत घेता येत नाही. म्हणून चिरंजीवांची दोन्ही पेन कोटांच्या खोलीत किंवा गाडीत न ठेवता त्यांच्याजवळच असू द्यावीत, आणि ती कुठे आहेत हे आम्हा दोघा-तिघांना दाखवून ठेवावे. श्वासाला त्रास होऊ लागला तर पेन मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचायचे, लगेच ९९९ ला (आपत्कालीन सेवेला) फोन करून 'ॲनाफिलॅक्सिस' (ॲलर्जीचा जीवघेणा झटका) हा शब्द स्पष्ट उच्चारायचा, आणि पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरे पेन वापरायचे. मुलाला उभे करू नये, चालवू नये.
आपला, एक सभासद

नमस्कार,

दोन्ही पत्रे वाचली. पेन ठेवता येत नसेल, तर निदान पदार्थांवर चिठ्ठ्या लावूया. इथल्या कायद्यात ज्या १४ ॲलर्जिकारक घटकांची नोंद घ्यावी लागते, त्यांत शेंगदाणा आणि तीळ आहेतच, शिवाय मोहरीही आहे. म्हणजे आपली प्रत्येक फोडणी त्यात येते. बाजारातल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, तेव्हा डबीवरचे घटक वाचून चिठ्ठीवर लिहावेत. घरून पदार्थ आणणाऱ्यांनी घटकांची यादी गुरुवारपर्यंत मला पाठवावी. तिळगुळाचे टेबल दाराशी न मांडता आतल्या कोपऱ्यात मांडू.
सचिव