मदत हवी आहे: इंडियन डर्बीला १६०० मीटरवाला घोडा २४०० मीटरला टिकेल का, कसं ओळखायचं?

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर होणाऱ्या इंडियन डर्बी या घोड्यांच्या शर्यतीसाठी अभ्यास करतोय. हॅंडिकॅप रेसमध्ये रेटिंगप्रमाणे (आधीच्या कामगिरीवरून दिलेला आकडा) घोड्याच्या पाठीवर वजन पडतं त्यामुळे तिथं हिशोब जमतो, पण डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची टर्म्स रेस, रेटिंग कितीही असलं तरी सगळ्या कोल्ट्सना (नरांना) सारखंच वजन, फक्त फिलीजना (माद्यांना) थोडी सूट. म्हणजे खरा प्रश्न स्टॅमिनाचा. डर्बीआधीची '२००० गिनीज' नावाची रेस १६०० मीटरची, डर्बी २४०० ची, आणि मधे ८०० मीटरचा फरक, तो काही लहान नाही!

आतापर्यंत शेवटच्या ६०० मीटरचं टायमिंग पाहिलं, पण पेस (रेसचा सुरुवातीपासूनचा वेग) स्लो असला की सगळेच घोडे शेवटी जोरात येताना दिसतात. बापाची बाकीची पोरं २००० मीटरच्या वर कशी पळालीत तेही बघतोय, आईकडचं मात्र फारसं सापडत नाही. बंगलोर-हैदराबादहून येणाऱ्यांचं टायमिंग तर सरळ लावताच येत नाही, ट्रॅकच वेगळा.

टिप नकोय, बुकी नको, कोर्सवर टोटलाच (रेसकोर्सच्या अधिकृत बेटिंग खिडकीवर) छोटं विन-प्लेस (पहिला येण्यावर किंवा पहिल्या काहींत येण्यावर) लावणार. जे वर्षानुवर्षं रेस बघतायत त्यांनी प्लीज सांगा, स्लो पेसच्या गिनीजवरून स्टॅमिना कसा जोखायचा, आणि बाहेरच्या घोड्याची तुलना टायमिंगवर करायची की त्यानं कुणाला हरवलं त्यावर?