निसर्गाबाहेरच्या ड्रॅक्युलाने निसर्गनियम का पाळावेत?

सांजवेळ:
ब्रॅम स्टोकरची १८९७ सालची ‘ड्रॅक्युला’ ही रक्तपिपासू पिशाच काउंट ड्रॅक्युलाची कादंबरी पुन्हा वाचताना अठराव्या प्रकरणात अडखळले. तेथे पिशाचाचा माग काढणारा प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग आपल्या साथीदारांना काउंटचे सामर्थ्य समजावून सांगतो. काउंट लांडगा, वटवाघूळ, धुके अशी रूपे घेतो. परंतु घरातल्या कोणी बोलावल्याखेरीज त्याला पहिल्यांदा उंबरठा ओलांडता येत नाही, दिवस उजाडताच त्याची शक्ती लोपते आणि वाहते पाणी भरती-ओहोटीच्या ठरावीक वेळीच पार करता येते. जो मुळात निसर्गाबाहेरचा आहे, त्याने हे नियम का पाळावेत? आणि क्रूसापुढे तो हटतो, ते ईश्वरी सत्तेमुळे, की तोही एक निसर्गनियमच समजायचा?

पैलतीर:
पहिल्या प्रश्नाला व्हॅन हेल्सिंगनेच हात टेकले आहेत. काउंटला काही नियम पाळावे लागतात, पण का, ते आम्हांला ठाऊक नाही, असे तो सांगून टाकतो. दुसऱ्या प्रश्नासाठी सुरुवातीचा दाढीचा प्रसंग पाहावा. काउंटच्या वाड्यात आलेला तरुण इंग्रज वकील हार्कर इंग्लंडच्या चर्चचा अनुयायी असल्यामुळे सरायवालीने गळ्यात घातलेली क्रूसाची जपमाळ त्याला मूर्तिपूजेसारखी वाटते, केवळ तिचे मन मोडू नये म्हणून तो ती ठेवतो. तरीही हनुवटीवरचे रक्त पाहून झेपावलेल्या काउंटचा हात त्या माळेला लागताच त्याचा आवेश क्षणात ओसरतो. धारण करणाऱ्याची श्रद्धा असो वा नसो, क्रूस आपले काम करतो. म्हणजे स्टोकरच्या जगात दैवी वस्तू गुरुत्वाकर्षणाइतक्या निर्विकारपणे चालते, आणि सूर्य व भरती मात्र एखाद्या आज्ञेसारख्या पाळल्या जातात. आमंत्रणाची अट मला या दोन्हींहून वेगळी वाटते. तिच्यात माणसाची संमती लागते, आणि वेड्यांच्या इस्पितळात ती तेथला रुग्ण रेनफिल्ड देतो.

मृदगंध:
पैलतीर यांच्या मुद्द्याला मातीच्या पेट्यांची जोड द्यावीशी वाटते. काउंटने लंडनला आणलेल्या पन्नास पेट्यांतील माती पवित्र आहे, किंबहुना पवित्र स्मृती नसलेल्या मातीत त्याला विसावाच घेता येत नाही. व्हॅन हेल्सिंग त्या पेट्यांत ख्रिस्तप्रसादाची भाकर ठेवून ती माती आणखी पवित्र करतो आणि त्याच्याच शस्त्राने त्याला हरवतो. सैतानाच्या पक्षाचा प्राणी पावित्र्यावाचून झोपू शकत नाही. पावित्र्य थोडे असले तर आसरा आणि जास्त झाले तर हद्दपारी, हे धर्मशास्त्रापेक्षा औषधाच्या मात्रेसारखे आहे. काउंटने ग्रासलेल्या हार्करच्या पत्नीचे, मीनाचे, कपाळ तीच भाकर लागून भाजते, तेव्हा तर तिचा काहीच अपराध नसतो. या निर्दयपणाबद्दल कादंबरी पुरेशी अस्वस्थ होत नाही, असे माझे मत आहे.

अर्धविराम:
एकट्या ‘ड्रॅक्युला’वरून गॉथिक, म्हणजे भयगूढ कथांच्या, परंपरेचा निष्कर्ष काढू नये. पॉलिडोरीच्या १८१९ सालच्या कथेत लॉर्ड रुथवेन या पिशाचाला कोणताही क्रूस अडवत नाही. उलट त्याने आपला तरुण सहप्रवासी ऑब्री याच्याकडून वर्षभर आणि एक दिवस मौन पाळण्याची शपथ घेतलेली असते आणि सज्जनाची ती शपथच पिशाचाच्या कामी येते. शेरिडन ले फानूच्या १८७२ सालच्या ‘कार्मिला’त हा वाद पात्रेच घालतात. परगण्यात पसरलेल्या रोगाविषयी बोलताना कथा सांगणाऱ्या लॉराचे वडील सारे काही ईश्वराच्या हाती असल्याचे म्हणतात, तर त्यांच्या घरी राहणारी पिशाच कार्मिला ‘सृष्टिकर्ता’ हा शब्द झिडकारून सर्व काही निसर्गातूनच उपजते असे ठासून सांगते. पिशाचच स्वतःला निसर्गाचा भाग मानते. तिचा शेवट मात्र शासकीय चौकशी, वैद्यांची उपस्थिती आणि अहवाल अशा रीतसर पद्धतीने होतो, म्हणजे तेथे तिसरा, राज्याचा कायदा येतो.

सांजवेळ:
सर्वांचे आभार. सूर्यप्रकाशाने भस्म होण्याचा नियम कोणाचा?

अर्धविराम:
तो स्टोकरचा नव्हे. त्याचा काउंट लंडनमध्ये दिवसाही हिंडतो. तो नियम १९२२ सालच्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटाने रूढ केला.

पैलतीर:
शिवाय काउंटचा अंतही सुळाने किंवा प्रसादाने होत नाही. सूर्यास्ताच्या तोंडावर हार्करची कुकरी त्याचा गळा चिरते आणि त्याचा साथीदार मॉरिस याचा सुरा काळजात घुसतो. दोन्ही शस्त्रे अगदी ऐहिक आहेत, आणि तरीही मीनाच्या कपाळावरचा दैवी डाग त्यांच्याच घावांनी पुसला जातो.