स्लाऊ (इंग्लंड): कारपार्क कंपनीचं १०० पौंडांचं पत्र आलंय, भरू का?

प्रश्न: सुपरमार्केटला २ तास फ्री होते, आईला व्हीलचेअरवरून गाडीत बसवेपर्यंत १८ मिनिटं जास्त झाली. आता पत्र आलंय १०० पौंड, १४ दिवसांत भरले तर ६०. कोर्टात नेतील अशी भीती वाटतेय, भरून मोकळी होऊ का?

उत्तर: ताई घाई करू नका. हा कौन्सिलचा (म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा) दंड नाही, खाजगी कंपनीचं बिल आहे, पण फेकूनही देऊ नका, २०१५ ला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने असाच ८५ पौंडांचा चार्ज वैध ठरवलाय. आधी तारखा बघा, कॅमेऱ्यावरून पाठवलं असेल तर २०१२ च्या कायद्याने पार्किंग केल्यापासून १४ दिवसांत पत्र पोचावं लागतं, नाहीतर गाडी ज्याच्या नावावर रजिस्टर आहे त्याच्यावर जबाबदारी टाकता येत नाही. अपीलमधे गाडी कोण चालवत होतं ते अजिबात लिहू नका, नाहीतर ते थेट चालवणाऱ्याकडेच पैसे मागतील!

उत्तर: आणि पावती घेऊन स्टोअर मॅनेजरला भेटा, आमचं तिथेच कॅन्सल झालं. आईंच्या व्हीलचेअरचंही सांगा, २०१० च्या समानता कायद्यात अपंगांना सवलत द्यावी लागते.

प्रश्नकर्ती: आत्ता पाहिलं, पत्रावरची तारीखच १९व्या दिवसाची आहे!! आज रात्रीच अपील लिहिते.