समता, समानता की रास्त वाटा?

लिखितंग: एका स्थानिक सार्वजनिक आरोग्य संस्थेचा पाच वर्षांचा आराखडा मराठीत करतेय. 'हेल्थ इक्विटी', म्हणजे गरजेप्रमाणे कमीजास्त देऊन आरोग्यातली अन्याय्य तफावत मिटवणं, याला मी 'आरोग्य-समता' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी पानोपानी 'समानता' करून परत पाठवलं. शेरा: अर्थ एकच, हा शब्द जास्त ओळखीचा. माझं मूळ वाक्य होतं, 'सगळ्या वस्त्यांना समान सेवा देऊन समता येत नाही.' त्याचं आता 'समान सेवा देऊन समानता येत नाही' झालंय. वाचणाऱ्याने काय समजायचं?

कानामात्रा: बाईंना दोष देऊ नका. बोलताना हा फरक कोण पाळतं? दोन्हींच्या पोटात 'सम'च आहे. इंग्रजीतले 'इक्विटी' आणि 'इक्वॅलिटी' हे दोन्ही शब्दही एकाच लॅटिन 'इक्वस'चे, म्हणजे सपाट, सारखा. फरक तिथेही वापराने पडला.

लसवाली: मी लसीकरणात काम केलंय. सगळ्या वस्त्यांत सत्र दहा ते चार. कागदावर अगदी समान. रोजंदारीवरच्या आया सहाला परतायच्या, तोवर आम्ही लसींचा डबा घेऊन निघालेल्या. एक बाई तान्हं कडेवर घेऊन बंद दाराशी उभी होती, ती अजून डोळ्यांपुढे आहे. पुढे त्या वस्तीत संध्याकाळचं सत्र ठेवलं, एक नर्स जास्त दिली. लगेच दुसऱ्या वस्तीतून तक्रार, 'त्यांनाच झुकतं माप का?' माझ्या मते इक्विटीचं खरं मराठी तेच. झुकतं माप.

लिखितंग: ताई, पण त्याला पक्षपाताचा वास येतो. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक मार्गारेट व्हाइटहेड यांची आरोग्य-विषमतेची व्याख्या बघा: अनावश्यक, टाळता येण्याजोगी आणि अन्याय्य तफावत. म्हातारपणी दुखणी वाढतात, ती यात नाहीत. बंद दार यात येतं. म्हणजे माप आधीच खोटं होतं, आपण ते सरळ करतोय.

लसवाली: मायकल मार्मट यांच्या २०१० च्या, इंग्लंडमधल्या आरोग्य-विषमतेवरच्या अहवालात हेच आहे: सेवा सर्वांना, पण जोर गरजेच्या प्रमाणात. मग माप झुकणारच की.

जुनीवही: 'रास्त' का नाही? रास्त भाव, रास्त मागणी, तसा आरोग्यातला रास्त वाटा. कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

शुद्धमती: रास्त फारसी. 'न्याय्य' आपल्याकडे असताना उसनवारी कशाला?

जुनीवही: रास्त मराठीत इतक्या पिढ्या मुरलाय की त्याला परका म्हणणंच रास्त नाही. आणि 'न्याय्य'मधला एक य छापताना हमखास गळतो. 'न्याय वाटा' असं फलकावर मी स्वतः वाचलंय.

कानामात्रा: ते असो, 'स्ट्रॅटेजिक प्लॅन'चं काय केलंत? 'रणनीती' नको हं. मूळ ग्रीक शब्द सेनापतीवरून आलाय खरा, पण इथे लढाई कुणाशी?

लिखितंग: 'धोरणात्मक आराखडा'.

शुद्धमती: धोरण म्हणजे पॉलिसी. घोटाळा होईल.

जुनीवही: आधी धोरण म्हणजे पुढचं बघणं. पहिल्या तारखेलाच महिनाअखेरीचा विचार करणाऱ्या बाईला आजी 'धोरणी' म्हणायची. 'धोरणात्मक' हा कचेरीतला शब्द, त्यात ती बाई दिसत नाही.

शुद्धमती: मग 'दीर्घ पल्ल्याचा आराखडा' म्हणा.

कानामात्रा: पाच वर्षं म्हणजे दीर्घ पल्ला?

लिखितंग: माझं वाक्य राहिलं. उद्या छपाईला जायचंय.

लसवाली: 'सगळ्यांना सारखंच दिलं, तर ज्यांचं कमी त्यांचं कमीच राहतं.' दोन्ही शब्द गाळा.

लिखितंग: वाक्य सुटलं ताई, घेते. पण मुखपृष्ठावर इक्विटीचा तो शब्द एकटाच आहे.