कान तयार आहे, सवय दुसरी आहे

प्रसाद, विशारद झाल्यावरही पाश्चात्त्य संगीताच्या वर्गात डिक्टेशनला, म्हणजे ऐकलेली धुन कागदावर उतरवताना, पेन्सिल हलत नाही, असं तू लिहिलंस. पुण्यात शास्त्रीय शिकून तिकडे वळलेल्या पुष्कळांचं हेच होतं. आपल्याला स्वर ओळखता येतात, पण सा कायम तानपुऱ्यात वाजत असतो. तिथे पियानोवर सुरुवातीला आधारस्वर वाजवतात आणि मग तो तुझ्या डोक्यातच टिकवायचा असतो. त्यात मधेच धुन दुसऱ्या पट्टीत गेली की सा हातातून निसटतो. खरी मेख इथेच आहे.

मायनरला, म्हणजे त्यांच्या कोमल ग असलेल्या स्वरमालेला, घाबरू नकोस. नॅचरल मायनर म्हणजे आपला आसावरी थाटच (थाट म्हणजे सात स्वरांचा साचा): ग, ध, नी कोमल. हार्मोनिक मायनरमध्ये नी शुद्ध झाला की आपला किरवाणी राग. काही शिक्षक मायनरचा आधारस्वर ‘ला’ (डो-रे-मी मधला सहावा स्वर) धरतात. तू मनात सा धर आणि कागदावर त्यांच्या पद्धतीने लिही.

डिक्टेशनची धुन पहिल्यांदा वाजेल तेव्हा स्वर लिहूच नकोस. मात्रा मोज, फक्त लय टिपून घे. पुढच्या वेळी पहिला आणि शेवटचा स्वर, मग मधलं. कागदावरचे स्वर बघून गातानाही आधी नुसती लय बोल, आणि चुकलं तरी थांबू नकोस. (आपल्याला तान परत घ्यायची सवय, ती इथे नडते.)

स्टाफ (पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी) कठीण म्हणणाऱ्यांनी आपल्याकडच्या भातखंडे आणि पलुस्कर या दोन स्वरलिपी शेजारी ठेवून बघावी. वरचा टिंब एकीत तार (वरचं) सप्तक, दुसरीत मंद्र (खालचं)!